आधी पाट, मग अलालदरी: निघण्याआधी एवढं बघा

सामान नंतर, आधी महिना ठरवा. भर श्रावणात अलालदरीचा धबधबा जोरात कोसळतो, पण धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेर-सामोडेच्या शिवारात तेव्हा पाटापेक्षा (शेताला पाणी नेणाऱ्या कालव्यापेक्षा) चिखलच जास्त. उन्हाळ्यात दरीत नुसता खडक. पितृपक्ष ते दिवाळी या दिवसांत गेलात तर दोन्ही पदरात पडतं.

पायात पकड असलेले बूट हवेतच. पाटाचा बांध अरुंद, काळ्या मातीचा. ओला झाला की तळव्याला पाव-पाव किलो माती घेऊनच पाय उचलतो. जीन्स नको, कुसळं भरतात. पायमोज्यांचा एक जोड जास्तीचा.

इथल्या फडबागायतीची, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीची, थोडी ओळख असू द्या, नाहीतर पाट म्हणजे नुसता नाला वाटेल. पांझरा नदीला आडवे दगडी बंधारे घालून पाट काढायची ही रीत 300-400 वर्षांची. शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाण्याच्या पाळ्या गावच्या पंचांनी ठरवायच्या आणि पाटकऱ्याने पाणी फिरवायचं. चारीचं (पाटातून शेतात जाणाऱ्या छोट्या वाटेचं) तोंड बंद असतं तेही मातीच्या ढेकळांनी, गवताच्या पेंडीने. त्यावर पाय देऊ नका. तोंड फुटलं तर कुणाची तरी पाळी वाया जाते. पाटकरी दिसला तर राम राम घाला, ‘आज पानी कोठे शे, दादा?’ एवढं अहिराणीत विचारा. माहितीच्या फलकापेक्षा तो जास्त सांगेल. पाटात साबण लावून हातपाय धुणं मात्र नको.

शिदोरीला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, कांदा. दुपारपर्यंत काही होत नाही तिला. पाणी माणशी दोन लिटर, सुटे पैसे, कचऱ्यासाठी एक जुनी प्लास्टिकची पिशवी. पिंपळनेरहून पश्चिमेला अलालदरीपर्यंत गाडी ठरवा, सगळं चालत जायच्या भानगडीत पडू नका. नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी सांगून निघा.

धबधबा कड्यावरूनच बघायचा असतो. कडेचा खडक शेवाळलेला, खाली खोल दरी. फोटोसाठी पुढे सरकणारा एखादा प्रत्येक टोळीत असतोच. त्याची कॅमेऱ्याची बॅग तुमच्याकडे ठेवा. वर ढग भरून आले तर ओढा ओलांडायचाच नाही.

परतीची एसटी किती वाजता, हे सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा आणि गाडीवाल्यालाही तीच वेळ सांगा.