सोसायटीचं हवामानाचं काम का रखडतं? या चुका टाळा

ओझोनचा थर विरळ होण्याच्या प्रश्नावर जग तुलनेने लवकर एकत्र आलं. 1987 साली माँट्रियल करार झाला. ओझोनला घातक वायू बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायही सापडत होते. हवामान तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. वीज, सिमेंट, डिझेल, सगळ्यात तो आहे. आज सोडलेला वायू शेकडो वर्षं हवेत टिकतो आणि झळ बसते भलत्यालाच. काम अवघड आहेच, पण आपण ते आणखी लांबवतो.

लांबची तारीख. नेट झिरोसाठी, म्हणजे जेवढा वायू सोडू तेवढाच शोषला जाईल अशा स्थितीसाठी, देशाने 2070 आणि मुंबईने 2050 हे वर्ष ठरवलं आहे. धोरणाला ही वर्षं हवीत, सोसायटीच्या कमिटीला नकोत. ठरावात येत्या मार्चची तारीख लिहा आणि जबाबदारी कुणाची, तेही लिहा.

नुसतं वृक्षारोपण. मे महिन्यात पाणी कोण घालणार हे ठरलं नसेल, तर जुलैत खड्डे खणू नका. झाडं हवीतच, पण विजेचा वापर तोच राहिला तर उत्सर्जनही तेवढंच राहतं.

सगळ्यांच्या होकाराची वाट. सर्वात जास्त वर्षं इथे वाया जातात. वरच्या मजल्याला गळतीची धास्ती, बाहेरगावी राहणारे मालक उत्तरच देत नाहीत, आणि सोलरचा विषय पुढच्या सभेवर जातो. घराघरांचे मीटर सध्या बाजूला ठेवा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे ज्यावर चालतात तो कॉमन मीटर धरा आणि त्याची बारा महिन्यांची बिलं सभेत वाचून दाखवा. एका किलोवॉटच्या सोलर पॅनेलला गच्चीवर साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. 20 किलोवॉटचे वर्षाला 29,000 युनिट झाले. आपली बरीचशी वीज कोळशावर बनते, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला 20 टन वाचतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी सोसायट्यांनाही अनुदान आहे. वॉटरप्रूफिंग आधी उरका, मग पॅनेलचं स्ट्रक्चर उभारा. टाकीची सावली डिसेंबरात बघा, तेव्हा ती सर्वात लांब पडते; उन्हाळ्यात मोजमाप केलं तर पॅनेल चुकीच्या जागी बसतात.

उन्हाळा गृहीत धरणं. उत्सर्जन कमी करायचं म्हणून आजच्या उन्हाकडे दुर्लक्ष नको. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत फार माणसं गेली. तिथल्या महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. इशारा आला की कुणी कुणाला कळवायचं, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. सोसायटीतही तेच करा. कचरा नेणाऱ्या ताई, डिलिव्हरीची मुलं, दुरुस्तीचे मजूर यांच्यासाठी गेटजवळ सावली आणि पिण्याचं पाणी ठेवा. दुपारी 12 ते 4 गच्चीवरचं काम बंद. वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनला वरून पांढरा रंग मारा, आत पंखा लावा. एवढा खर्च कमिटीला आपल्या अधिकारात करता येतो, जनरल बॉडीपर्यंत थांबू नका.