वाईन मुरत ठेवताय? आधी वरून भरायची वाईन बाजूला काढा

ही यादी अमेरिकेत तळघरात कार्बॉय, म्हणजे वाईन मुरवायचं अरुंद मानेचं मोठं भांडं, ठेवणाऱ्यांसाठी. तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत घरगुती वाईन करायला केंद्रीय कायद्याची मुभा आहे. महाराष्ट्रात विनापरवाना करणं गुन्हा आहे, तिथे करू नका.

भांडी स्वच्छ हवीत, हे सांगायला नको. आंबणं खरंच थांबलंय का ते हायड्रोमीटरवर, म्हणजे घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर, बघा. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा ०.९९६ किंवा त्याखाली एकच आकडा आला, की पुढे जा. मुरवायला प्लास्टिकची बादली चालत नाही, तिच्या भिंतीतूनच प्राणवायू आत झिरपतो. काच घ्या.

आता मुख्य गोष्ट. २३ लिटरचा कार्बॉय गाळावरून दुसऱ्यात काढला की लिटर-दीड लिटर गाळात जातं. ती तूट कशाने भरणार? वाईन काढायला घेण्याआधी याचं उत्तर हातात हवं. सुरुवातीलाच २६-२७ लिटर करा आणि जास्तीची वाईन एका गॅलनच्या बरणीत आणि लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा. वाईन मानेत, बुचाच्या २-३ सेंटिमीटर खाली असेल तर हवेला नाण्याएवढा पृष्ठभाग मिळतो. खांद्यापाशी असेल तर जेवणाच्या ताटाएवढा. तिथे आधी कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो, पांढरी वाईन तपकिरी पडते आणि मग ॲसिटोबॅक्टर हा जीवाणू तिचा व्हिनेगर करतो. ‘वर कार्बन डायऑक्साइडचा थर आहे’ यावर विसंबू नका. आंबणं थांबल्यावर तो वायू हवेत मिसळून जातो. पाणी घालून भरू नका, वाईन पातळ होते. जास्तीची वाईन नसेल तर त्याच जातीची विकतची घ्या, नाहीतर निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या सोडून पातळी वर आणा.

वाईन खराब होऊ नये म्हणून घालायचं सल्फाइट चमच्याने मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. २३ लिटरला २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट म्हणजे साधारण ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०). त्यातलं काही वाईनमधल्या इतर घटकांशी बांधलं जातं, राखण करतं ते उरलेलं मोकळं. ते किती लागेल हे पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर, ठरतं: पांढऱ्या वाईनला ३.२ वर साधारण २१ पीपीएम पुरतं, ३.६ वर ५० लागतं. पीएच न मोजता घालणं म्हणजे अंदाजपंचे. रेड वाईनचं मॅलोलॅक्टिक (जीवाणूंनी तीव्र आम्लाचं सौम्य आम्ल करणं) व्हायचं असेल तर ते संपेपर्यंत थांबा. पुडी उघडून वर्ष झालं असेल तर फेकून नवी आणा. दम्याच्या माणसाने ती हुंगू नये.

वाईन काढताना नळीचं टोक रिकाम्या कार्बॉयच्या तळाला टेकलेलं हवं, वाईन खळाळता कामा नये. नळीत बुडबुड्यांची माळ दिसली तर जोड सैल आहे, तिथून हवा ओढली जातेय, लगेच थांबवा. काढून झालं? मानेपर्यंत भरा. पुन्हा सांगते, तिथल्या तिथे भरा, ‘उद्या बघू’ नाही.

एअरलॉकमध्ये, म्हणजे आतला वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या बुचावरच्या झडपेत, व्होडका घाला. हिवाळ्यात हीटिंगच्या कोरड्या हवेत तीही उडते, म्हणून दर रविवारी बघा आणि बघताना पातळीही बघा. खाली गेली असेल तर भरा. जागा अंधारी, १२-१५ अंशांची.

दर दोन-तीन महिन्यांनी गाळ बघून पुन्हा काढा. दरवेळी सल्फाइट तपासा, दरवेळी भरा.

बाटल्या भरताना नळी तळाला, बुचाखाली दीड सेंटिमीटर जागा. तीन दिवस उभ्या, मग आडव्या. शेवटची अर्धवट बाटली साठवू नका, त्याच आठवड्यात संपवा.