एका कानात वर्णन, दुसऱ्या कानात सिनेमा

माझ्या मावशीची नजर काचबिंदूने गेली, सिनेमाचं वेड मात्र गेलं नाही. बरीच वर्षं मी शेजारी बसून तिच्या कानात कुजबुजायचो, "तो दार उघडतोय... ती रडत नाहीये, नुसती बघतेय." पुढच्या रांगेतलं कुणी वळून बघितलं की ती माझा हात दाबायची, "राहू दे रे, कळतंय मला." कळत नसायचं. आता तिच्या मोबाइलवर ऑडिओ डिस्क्रिप्शन चालतं. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय घडतंय ते एक आवाज सांगतो. घरात कुणाला कमी दिसत असेल तर हे जरूर करून बघा. थोडी तयारी लागते, ती सांगतो.

तिकिटाआधी

एक्सएल सिनेमा, मूव्हीबफ अ‍ॅक्सेस अशी अ‍ॅप्स आहेत. तुमच्या सिनेमाचं वर्णन त्यात आहे का आणि कोणत्या भाषेत आहे, हे आधी बघा, मगच तिकीट काढा. प्रत्येक सिनेमाचं असेलच असं धरून चालू नका, मराठी सिनेमाच्या बाबतीत तर नाहीच. दिव्यांगांना ऑडिओ डिस्क्रिप्शन मिळावं हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने १५ मार्च २०२४ला थिएटरांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्यामुळे हवा तो सिनेमा सापडला नाही तर निर्मात्यांना जरूर लिहा. आपण काही मेहेरबानी मागत नाही.

घरी

वर्णनाची फाइल घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. थिएटरात रेंजचा भरवसा नसतो. अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी द्या, बॅटरी सेव्हर बंद ठेवा, नाहीतर स्क्रीन बंद होताच अ‍ॅपही झोपतं. चार्जिंग पूर्ण हवं.

इअरफोन

सगळी गंमत इथे आहे. दोन्ही कानांत इअरबड घातले तर थिएटरचा घुमणारा आवाज गेला, मग घरी बसून ऐकलेलं काय वाईट? म्हणून एकच कान. मावशीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तर आम्ही वर्णन त्याच कानात देतो. मोबाइलचा आवाज वाढवता येतो, थिएटरचा नाही. चांगला कान सिनेमासाठी मोकळा राहतो. आवाज शेजारच्यापर्यंत जात नाही ना, हे मात्र घरीच तपासून घ्या. वायरचे साधे इअरफोन चालत असतील तर तेच घ्या, चार्जिंगची कटकट नाही आणि अंधारात खुर्चीखाली हरवत नाहीत. वायरलेस असतील तर बाहेरचा आवाज दाबणारं नॉइज कॅन्सलेशन बंद करा. कान उघडे ठेवणारे बोन कंडक्शन हेडफोन असतील तर उत्तमच.

थिएटरात

जाहिराती आणि ट्रेलर होऊ द्या. सिनेमा सुरू झाला की अ‍ॅपमध्ये सिंक करा. मोबाइल मायक्रोफोनमधून काही क्षण हॉलमधला आवाज ऐकतो, सिनेमा कुठवर आलाय ते ओळखतो आणि तिथून वर्णन लावतो. त्यामुळे त्या वेळी मोबाइल पर्समध्ये नको, मांडीवर हवा. मग पालथा ठेवा. आयफोनवर व्हॉइसओव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू असेल तर तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की स्क्रीन पूर्ण काळी होते. अँड्रॉइडच्या तशाच टॉकबॅकमध्येही स्क्रीन लपवायची सोय आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' लावायला विसरू नका.

मोबाइल उंच धरू नका. एका थिएटरात डोअरकीपरने टॉर्च मारून मावशीला उभंच केलं, रेकॉर्डिंग चाललंय असं वाटलं त्याला. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनंतर थिएटरात सिनेमा रेकॉर्ड करण्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे, तेव्हा त्याने हटकणं समजू शकतो. पण ती दहा मिनिटं मावशीच्या वाट्याला यायला नको होती. तेव्हापासून मी आत शिरतानाच डोअरकीपरला सांगतो, "यांना दिसत नाही, मोबाइलवर सिनेमाचं वर्णन ऐकतील." एवढं पुरतं.

मध्यंतरात वर्णन थांबवा आणि सिनेमा परत लागला की पुन्हा सिंक करा. आमचं पहिल्या वेळी इथेच फसलं. दार आपटल्याचा आवाज आधी आला आणि कानातला आवाज मागाहून म्हणाला, "तो दार आपटतो." असं व्हायला लागलं की वाट बघू नका, लगेच परत सिंक करा.

पहिल्यांदा जाताना शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळच्या शोला हॉल रिकामा असतो, कडेच्या खुर्च्या मिळतात. सिंकला दोन-तीनदा खटपट करावी लागली तरी कुणी मागे वळून बघत नाही.