पोलीस ठाण्यात धीर द्यायला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या पोलीस खात्यांत चॅप्लेन नावाचा माणूस असतो. पाद्री, रब्बी, इमाम, कुणीही, बरेचसे बिनपगारी. तो गस्तीच्या गाडीत पोलिसाशेजारी बसतो, जखमी पोलिसाला दवाखान्यात भेटतो, मरणाची बातमी घेऊन दारात जातो. या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ पासून आहे. आपल्याकडं लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री भरती होतात. महाराष्ट्र पोलिसांत मात्र तसं पद नाही. तरी हीच कल्पना धरून आम्ही पाच जणांनी (दोन निवृत्त मास्तर, दवाखान्यातल्या एक सिस्टर, एक बँकवाले आणि एक अंगणवाडीच्या ताई) मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात वरिष्ठांच्या लेखी परवानगीनं काम सुरू केलं. पहिलं वर्ष चुका करण्यातच गेलं.

व्याख्यानानं सुरुवात करू नका

आम्ही तीच केली. हॉलमध्ये ‘तणावमुक्त जीवन’चा फलक, हारतुरे, दीपप्रज्वलन, समोर शंभरेक माणसं. त्यातली निम्मी रात्रभर बंदोबस्त करून आलेली. मी माईकवरून डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला आणि मागच्या दोन रांगा घोरायला लागल्या. त्यांचं काय चुकलं? तुळजापूरच्या नवरात्रात नाहीतर पैठणच्या नाथषष्ठीत दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाला आधी झोप पाहिजे.

मग हॉल सोडला. आठवड्यातून दोन रात्री नऊनंतर ठाण्यात जायचं, ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळच्या बाकावर बसायचं, चहा सांगायचा. दोन महिने कुणी काही बोललं नाही. “सर, काय काम काढलं?” एवढंच. एका रात्री लाईट गेली होती, तेव्हा एक सहायक फौजदार बोलायला लागले. ३० सप्टेंबर १९९३. हे नवे शिपाई. विसर्जनाचा बंदोबस्त उरकून बूट काढून आडवे झालेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. पुढचे आठ दिवस पावसात, ढिगाऱ्यातून काय काय उचललं ते त्यांनी सांगितलं. “घरी नाही सांगितलं कधी. पाऊस लागला की वास येतो बघा अजून.” मी काहीच बोललो नाही. लाईट आल्यावर ते उठले आणि डायरी लिहायला बसले. त्या रात्रीपासून बाकावर माणसं यायला लागली.

न मागता देव काढू नका

एकाच ठाण्यात माळकरी हवालदार, मुस्लिम चालक, बौद्ध शिपाई, तांड्यावरून आलेली महिला शिपाई असते. नांदेडकडं शीखही असतात. आमच्यातल्या एकानं प्रेमानं हरिपाठाच्या पुस्तिका वाटल्या, आणि तिघांनी बाकावर यायचं बंद केलं. कुणी प्रार्थना मागितली तर जरूर करा. त्यांच्या धर्मातला माणूस पाहिजे असेल तर तो आणून द्या. स्वयंसेवक निवडतानाही जपून. पुढारी नको, कोर्टात ज्याची केस चालू आहे तो नको, यूट्यूब चॅनलवाला तर मुळीच नको. चारित्र्य पडताळणी आधी करून घ्या. आणि बाया पाहिजेतच, कारण पोलीस वसाहतीतल्या वहिनी मास्तरसमोर काय बोलणार? आमच्या सिस्टरसमोर मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजत तासभर बोलत बसतात.

‘हे कुणालाच कळणार नाही’ असं म्हणू नका

ही चूक सगळ्यांत महागात पडू शकते. अमेरिकेत धर्मगुरूला विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीला बहुतेक ठिकाणी कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ते वकील-अशिलाला आहे, नवरा-बायकोतल्या बोलण्याला आहे. तुमच्या-माझ्यासारख्या स्वयंसेवकाला नाही. कोर्टानं साक्षीला बोलावलं तर जावं लागतं. लहान लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे, कुणालाही. शिवाय पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, पण तुम्ही पोलीस नाही, म्हणून पोलिसांच्या ताब्यात नसलेल्या आरोपीचं तुमच्यासमोरचं बोलणं पुरावा म्हणून पुढं येऊ शकतं. तेव्हा आरोपीशी गुन्ह्याबद्दल बोलूच नका. शिपायाला सुरुवातीलाच सांगा: “तुमचं बोलणं मी साहेबांना सांगणार नाही. पण जीवाचा धोका असेल, किंवा कायद्यानं भाग पडलं, तर सांगावं लागेल.” एवढं ऐकून काही जण उठून जातात. जाऊ द्या. बरेच जण दुसऱ्या दिवशी परत येतात.

कुणाचेच होऊ नका

“सर, तुमचं साहेबांकडं वजन आहे, तेवढं बदलीचं बघा की.” हे वाक्य पहिल्या महिन्यातच येतं. मी एकदा बघितलं. एका शिपायाची रजा अडली होती, मी शब्द टाकला, रजा मिळाली. पुढच्या आठवड्यात बाकावर सात जण, सातही अर्ज घेऊन. ज्यांचं काम झालं नाही ते नाराज, आणि ज्याचं झालं त्याच्याकडं बाकीचे वाकड्या नजरेनं बघायला लागले. आता हात जोडून सांगतो, रजा, बदली, कसुरीची कारवाई यात मी नाही.

उलट्या बाजूनंही ओढ असते. एका अधिकाऱ्यानं मला सहज विचारलं, “पितंय कोण कोण, जरा कानावर घाला.” त्या वेळी हो म्हणालो असतो तर काम तिथंच बंद पडलं असतं. आमच्या वहीत नावं नसतातच. तारीख, ठाणं, किती जण बोलले, एवढंच. वही कुणीही उघडून बघावी.

मरणाची बातमी झाकून नेऊ नका

आपल्याकडं ‘जरा सिरियस आहे, लवकर या’ म्हणायची रीत आहे. हेतू चांगला असतो. पण भाऊ मोटारसायकल पळवत निघतो, वाटेत त्याचाच अपघात व्हायचा, आणि शवविच्छेदन खोलीपुढं उभं राहिल्यावर त्याला कळतं.

मीही एका घरी ‘तब्येत नाजूक आहे’ म्हणालो. आईनं घाईघाईनं फडक्यात भाकरी बांधली, चादर घेतली आणि विचारलं, “त्याला भाकर चालंल का, का नुसतं दूधच घेऊ?” मला तिथंच, तिच्या हातातली शिदोरी बघत, खरं सांगावं लागलं. दोनदा मारल्यासारखं झालं ते.

बातमी देणं पोलिसांचं काम आहे, तुम्ही सोबतीला आहात. एकटे जाऊ नका. नाव-गाव दोनदा पडताळा. आधी पोलीस पाटील गाठा, घरात कोण आजारी आहे विचारा, भावकीतला एक जाणता माणूस घ्या. आत जाऊन बसा आणि ‘वारले’ हाच शब्द वापरा. मग गप्प राहा, निदान तासभर थांबा. निघताना चिठ्ठीवर लिहून द्या: शव कुठल्या दवाखान्यात आहे, तपास अंमलदाराचा नंबर काय, कुठले कागद सोबत आणायचे. त्या क्षणी तोंडी सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहत नाही.

उसतोडीच्या हंगामात वेगळीच अडचण येते. बीडकडची जोडपी कारखान्यावर, घरी म्हातारी आणि लेकरं. बातमी मुकादमाच्या फोनवरून पसरते आणि म्हातारीला ती शेजारच्या पोराच्या व्हॉट्सअॅपवर दिसते. दोन्ही टोकांना एकाच वेळी माणूस पोचवायची तजवीज करा. आणि हो, घटनास्थळाचा फोटो स्टेटसला टाकणारा स्वयंसेवक त्याच दिवशी घरी पाठवा.

बंदुकीचा विषय निघाला तर

“कधी कधी वाटतं, हे सगळं संपवावं.” ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याच्या तोंडून हे आलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. शस्त्र गाजावाजा न करता जमा व्हावं, ड्युटी बदलावी आणि त्याची शिक्षा म्हणून नोंद होऊ नये, हे वरिष्ठांशी काम सुरू करायच्या आधीच लेखी ठरवून घ्या; त्या रात्री ठरवायला वेळ नसतो. पुढं जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. तुम्ही डॉक्टर नाही. त्याच्यासोबत ओपीडीच्या रांगेत बसा, केसपेपर तुम्ही काढा, आणि जाताना साध्या कपड्यात जा असं त्याला सांगा.