छोट्या बाप्टिस्ट मंडळीचा तीन वर्षांचा प्लॅन कसा करायचा, म्हणजे तो कपाटात जाणार नाही

आमच्या मंडळीनं (म्हणजे चर्चनं) पहिला प्लॅन केला तेव्हा तो दिसायला एकदम भारी होता. स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर, आत व्हिजन, मिशन, कोअर व्हॅल्यूज, सगळं कुठल्यातरी सेमिनारमधून उचललेलं, आणि उपासना संपल्यावर "सगळ्यांना मान्य आहे ना?" एवढं विचारून पाच मिनिटांत पास पण झाला, कारण बाहेर चहा गार होत होता. दीड वर्षानं पाळकसाहेब दुसऱ्या शहरात गेले आणि प्लॅन गेला कपाटात, तुटक्या हार्मोनियमच्या शेजारी. मी तेव्हा सेक्रेटरी होतो, त्यामुळे यात माझाही वाटा आहेच. दुसऱ्या वेळी आम्ही वेगळ्या पद्धतीनं केलं आणि ते टिकलं, म्हणून लिहितोय. पन्नास-शंभर मेंबरांची, शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर भाड्याच्या जागेत भरणारी मंडळी डोळ्यासमोर ठेवून वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मेथडिस्टांकडे कॉन्फरन्स पाळकाची बदली करते, सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बिशप आणि डायोसिस, म्हणजे त्याच्या हाताखालचा प्रांत, आहे, वरून पत्र येतं आणि खाली काम सुरू होतं. आपल्याकडे वर कोणी नाही. मंडळ्यांची असोसिएशन असेल, कन्व्हेन्शन असेल, ते सल्ला देतील, मदत करतील, पण हुकूम नाही देऊ शकत, शेवटचा निर्णय सभासदांच्या सभेचा. (नावात बाप्टिस्ट असलेल्या काही जुन्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हा तिच्यात सामील झाल्या, त्यांचा कारभार आता वेगळा चालतो, मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये.) आता याचा प्लॅनिंगशी काय संबंध? संबंध असा की बाप्टिस्ट मंडळीत पाळकानं एकट्यानं केलेला प्लॅन पाळकाबरोबरच बॅगेत भरून जातो. सभासदांनी भांडून, वेळ घालवून, हात वर करून केलेला प्लॅन पाळक गेला तरी राहतो.

सुरुवात मोजणीपासून करा. बायबलमधला नहेम्या यरुशलेमला पोचला तेव्हा त्यानं पहिल्या दिवशी भाषण ठोकलं नाही, तीन दिवस गप्प राहिला, मग रात्री चार माणसं घेऊन पडलेल्या भिंती बघून आला, आणि त्यानंतर लोकांशी बोलला. आपणही आधी भिंती बघायच्या. त्यासाठी तीन याद्या काढा: पटावर कोण आहे, रविवारी येतं कोण, आणि काम करतं कोण. पहिली यादी रजिस्टरमध्ये मिळेल, त्यात लग्न होऊन गेलेल्या मुली, दुबईला गेलेले भाऊ आणि प्रभूकडे गेलेले दोन-तीन जण पण असतील, ते व्यवस्थित मार्क करा. दुसऱ्या यादीसाठी सलग आठ रविवार दारात उभं राहून टिक मारा, एका रविवारावर जाऊ नका कारण एखादा रविवार लग्नाचा निघतो, एखादा मॅचचा, आणि पावसाळ्यात लोकल बंद पडली की अर्धी मंडळी घरीच. माणूस कुठून येतो तेही लिहा. आमच्याकडे हे केलं तेव्हा कळलं की हॉल ज्या भागात आहे तिथं आता आमची फक्त पाच घरं उरलीयत, बाकी सगळे भाडं परवडत नाही म्हणून लांब राहायला गेलेत, दोन रिक्षा बदलून येतात, आणि आम्ही बुधवारची संध्याकाळची प्रार्थनासभा हॉलवरच घेत होतो आणि लोक का येत नाहीत म्हणून प्रार्थना करत होतो.

मोजून झालं की घरोघरी जाऊन ऐकायचं. कुटुंबभेटी आपल्याला नव्या नाहीत, पण या भेटींना शक्यतो पाळकांना नेऊ नका. त्यांच्यात खोट आहे म्हणून नाही, पाळकसाहेब समोर बसले की लोक चांगलं चांगलंच बोलतात आणि प्लेटमध्ये चकली-शंकरपाळे येतात. एक डिकन (मंडळीनं निवडलेला सेवक) आणि एक बाई अशी जोडी करा, प्रश्न तीनच ठेवा: मंडळीतल्या कुठल्या गोष्टीनं गेल्या वर्षात तुम्हाला खरंच आधार मिळाला? कुठली गोष्ट बंद झाली तर तुमच्या लक्षातही येणार नाही? आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा वस्तीत अशी काय अडचण आहे जिथं मंडळी उपयोगी पडू शकते? दुसऱ्या प्रश्नाला लोक आधी हसतात, मग खरं बोलतात. तरुणांना घरी आईबापांसमोर विचारून काही उपयोग नाही, ते बाहेर टपरीवर किंवा रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर बोलतात. आमच्या मुलांनी सांगितलं की त्यांना मराठी वाचता येत नाही, इंग्लिश मीडियमची आहेत, गीताच्या पुस्तकात ओळ शोधेपर्यंत कडवं संपतं, म्हणून ती मागे बसून मोबाइल बघतात. आम्ही दहा वर्षं समजत होतो की त्यांना विश्वासात गोडी नाही. उत्तरं जशीच्या तशी लिहा, नावं न घालता. "संगतीची उणीव जाणवते" असं सोवळं करून लिहू नका, बाई म्हणाली ना "मी तीन आठवडे आजारी होते, कोणी फोन पण नाही केला", तर तेच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो मला कुठल्या सेमिनारमध्ये कोणी सांगितला नव्हता. तासांचं बजेट. पैशाचं बजेट सगळे करतात, माणसांच्या वेळेचं कोणी करत नाही. एक मोठा चार्ट पेपर घ्या, डावीकडे मंडळीत चालणारं प्रत्येक काम लिहा, संडे स्कूल, क्वायर, महिला संघ, तरुण संघ, कॉटेज मीटिंग (घरी होणारी प्रार्थनासभा), हॉस्पिटल भेटी, साउंड सिस्टीम, खुर्च्या लावणं, चहा, झाडलोट, हिशोब, नाताळचा कार्यक्रम, सगळं, आणि समोर ते करणाऱ्याचं नाव आणि महिन्याचे तास. आमच्या चार्टवर एकोणीस कामं निघाली आणि नावं फिरून फिरून तीच सहा. एक ताई संडे स्कूल घेत होती, क्वायरमध्ये होती, महिला संघाची खजिनदार होती आणि वर चहाचं पण तीच बघायची, नोकरी आणि सासूचं आजारपण सांभाळून. चार्ट बघितल्यावर हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हाच प्रॉब्लेम आहे, विधवांना रोजचं वाटप नीट होत नव्हतं, तर प्रेषितांनी सगळं अंगावर न घेता मंडळीला सांगितलं की तुमच्यातली सात माणसं तुम्हीच निवडा. निवड मंडळीनं केली हे बघा.

म्हणजे नवीन काही सुरू करायच्या आधी काहीतरी बंद करावं लागणार. इथं भांडणं होतात, होऊ द्या. बंद करताना एक नियम पाळा, ज्यानं ते काम सुरू केलं त्याला आधी घरी जाऊन सांगा, मीटिंगमध्ये पहिल्यांदा कळू देऊ नका, आणि बंद करायच्या दिवशी उपासनेत उभं करून त्याचे आभार माना. आम्ही महिन्यातून एकदा निघणारं पत्रक बंद केलं, ते छापणारे काका दोन रविवार आले नाहीत, मग आले.

मग ध्येयं. तीन वर्षांसाठी तीनच, चौथं लिहायला हात शिवशिवला तर हात बांधून ठेवा. आणि ती अशी लिहा की झालं की नाही हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल. "मंडळीची आत्मिक वाढ करणे" हे ध्येय नाही, ती इच्छा झाली. "पुढच्या जूनपर्यंत संडे स्कूलला तीन नवे शिक्षक तयार करणे, जबाबदारी अमुक डिकनची", "बुधवारची सभा हॉलवरून हलवून तीन भागांत तीन घरी घेणे", "आजारी माणसाला चोवीस तासांत फोन आणि आठवड्यात भेट", ही ध्येयं. बाप्तिस्म्यांचा आकडा मात्र टार्गेट म्हणून लिहू नका. आपण विश्वास ठेवणाऱ्यालाच, त्याच्या स्वतःच्या कबुलीवर पाण्यात नेतो, तोच तर आपला मुद्दा, आणि मग "या वर्षी दहा" असं लिहिलं की बारा वर्षांच्या पोरांना मागून ढकलणं सुरू होतं. बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये बंगालला पोचला, कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला २८ डिसेंबर १८०० ला, मध्ये सात वर्षं. आजच्या कुठल्याही कमिटीनं त्याला दुसऱ्याच वर्षी परत बोलावलं असतं. आणि हाच कॅरी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून मोकळा झाला, म्हणजे रिकामा बसला होता असंही नाही.

पैशाचं थोडक्यात. लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा आठवा, आधी बसून खर्च मोजायचा. मागच्या तीन वर्षांचं अर्पण महिन्यावार काढा, आमच्याकडे डिसेंबर भरलेला आणि जून कोरडा, कारण शाळेच्या फिया, तर नवीन खर्च जूनमध्ये सुरू करायचा नाही एवढं तरी समजलं. ज्यांच्याकडे रोख नाही त्यांचंही देणं धरा. मिझोराममधल्या मंडळ्यांमध्ये बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात, त्या मुठींवर तिथं मोठमोठी सेवाकार्यं चालली आहेत. मंडळी महाराष्ट्रात ट्रस्ट म्हणून रजिस्टर असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट टाकायचा हे प्लॅनमध्ये तारखेसकट लिहा, आणि जागा विकायचा विचार असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, ठराव पास झाला म्हणजे विकली असं नसतं. परदेशातल्या एखाद्या संस्थेच्या पैशावर प्लॅन उभा करू नका, २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी असलेल्या एका संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देताच येत नाही, त्यामुळे "त्यांच्या थ्रू येईल" हा मार्ग संपला.

मग सभासदांची सभा. इथं घाई केलीत तर वरची सगळी मेहनत पाण्यात. मसुदा दोन आठवडे आधी हातात द्या, छापून, कारण आजी-आजोबा पीडीएफ उघडत नाहीत. नोटीस आणि कोरम तुमच्या घटनेत असेल तसा. उपासनेला चिकटून सभा लावू नका, वेगळा दिवस ठेवा आणि जेवण ठेवा. पूर्ण प्लॅनवर एकदम मत घ्यायचं नाही, कलम-कलम घ्यायचं. ज्याचा विरोध आहे त्याचा विरोध मिनिट्समध्ये लिहायचा, नंतर तोच माणूस जास्त मनापासून काम करतो असा माझा अनुभव आहे. आमच्या सभेत मागच्या रांगेतून एक आजी उठल्या, आयुष्यात कधी मीटिंगमध्ये बोलल्या नव्हत्या, कागद डोळ्याजवळ धरून एकेका ओळीवर बोट ठेवत विचारत गेल्या, "हे कोण करणार? आणि हे?" जिथं नाव सांगता आलं नाही ती ओळ आम्ही तिथंच खोडली. पाच ओळी गेल्या.

पास झाल्यावर प्लॅन एका पानात बसवा, दोन्ही बाजू नाही, एकच, आणि भिंतीवर लावा. त्यानंतरची ट्रिक कॅरी आणि त्याचे सोबती मिशनरी मार्शमन आणि वॉर्ड यांच्याकडून घेतलीय. श्रीरामपूरला (नगरचं नव्हे, बंगालमधलं) त्यांनी १८०५ मध्ये कामाचा एक करारनामा लिहिला आणि ठरवलं की तो वर्षातून तीन वेळा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. एवढंच. कुठलं ॲप नाही, डॅशबोर्ड नाही. आम्ही त्याच तीन रविवारी आमचं पान वाचतो, प्रत्येक ओळीनंतर ज्याचं नाव आहे तो जागेवर उभा राहून सांगतो, झालं, चालू आहे, किंवा जमलं नाही. जमलं नाही म्हणणाऱ्याला कोणी बोलायचं नाही हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तो त्या रविवारी गावाला जातो. मागच्या ऑक्टोबरमध्ये मोफत तपासणी शिबिराची ओळ खोडली, आमच्या डॉक्टर मेंबरची बदली झाली म्हणून, लाल पेननं, तारीख घालून, दोघांच्या सह्या. पान अजून तेच आहे, पाण्याच्या कूलरशेजारी, कोपरा ओला होऊन थोडा वर आलाय.

आणि एक, जानेवारीचं वाचन उपदेशाच्या आधी घ्या. एखाद्या वर्षी पहिला रविवार वॉचनाइटच्या (३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेच्या) लगेच पुढे येतो आणि उपदेश संपेपर्यंत निम्मी मंडळी पेंगत असते.