‘शिन’ लिहिताना

चिनी सुलेखनात नवशिक्याला आधी ‘योंग’ गिरवायला देतात, कारण त्या एका अक्षरात आठ मूलभूत फटकारे येतात. माझा सर्वांत जास्त कागद मात्र ‘शिन’वर गेला. शिन म्हणजे हृदय, मन. ह्युएन त्संगने प्रज्ञापारमिता हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र चिनी भाषेत नेलं, त्यातल्या ‘हृदया’ला हेच अक्षर आहे. मला ते म्हणूनच जवळचं.

कायशू, म्हणजे सुट्या ठाशीव फटकाऱ्यांच्या शैलीत यात चारच फटकारे: तीन टिंबं आणि एक आडवा आकडा, म्हणजे टोकाला हुकासारखी वळलेली रेघ. सगळी मेख आकड्यात आहे.

पहिलं टिंब डावीकडे, खाली, तिरकं. मग कुंचल्याचं नुसतं टोक टेकवून आकडा सुरू करा आणि उजवीकडे उतरता उतरता दाब वाढवत न्या. सुरुवात बारीक, तळाचा भाग भरदार, आणि सर्वांत जाड जागा मध्याच्या उजवीकडे. मी कितीतरी महिने इथे सगळीकडे सारख्या जाडीची गोल वाटी काढत होते आणि अक्षर डुलायचं. वजन उजवीकडे सरकवलं तेव्हा ते बसलं. शेवटी थांबा, कुंचल्याचे केस गोळा होऊ द्या आणि टोक वर-डावीकडे, अक्षराच्या पोटाकडे सोडा. सरळ आभाळाकडे सोडलं तर अक्षर उघडं पडतं.

हे थांबणं कच्च्या, म्हणजे तुरटी न लावलेल्या श्वान या चिनी सुलेखनाच्या कागदावर महागात पडतं. तो शाई झटकन पितो, क्षणभर रेंगाळलात की डाग पसरतो. म्हणून आकड्याआधी कुंचला शाईच्या दगडाच्या काठावर निथळून घ्या. तुरटी लावलेला कागद शाई पसरू देत नाही, सुरुवातीला तो बरा.

उरलेली दोन टिंबं: एक आकड्याच्या पोकळीवर, दुसरं बाहेर उजवीकडे. तिन्ही एका पातळीत नकोत, डावं सर्वांत खाली. एक टिंब संपलं की कुंचला हवेतच पुढच्या टिंबाकडे वळला पाहिजे. कागदावर रेघ तुटते, हात तुटत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ह्वायरन या भिक्षूने थोर सुलेखनकार वांग शीझीची अक्षरं जमवून घडवलेल्या, इ.स. ६७२च्या शिलालेखाचे ठसे बघा. शिला चीनमधल्या शीआन शहरात आहे आणि तिच्यावर हृदयसूत्रही कोरलेलं आहे. शैली शिंगशू, म्हणजे वाहती. मी आधी त्यातलं शिन कोरड्या बोटाने मेजावर गिरवते, मगच कुंचला भिजवते.