मॅरेथॉनच्या आठवड्यात ताटात काय?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास येते. तिळगूळ जरूर खा, पण तूप सोडलेल्या तीन-चार गुळपोळ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी नकोत. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात.

सोमवार ते गुरुवार नेहमीचंच जेवण ठेवा. सराव कमी झालेला असतो, त्यामुळे उगाच जास्त खायची गरज नाही. खरा बदल शेवटच्या दोन दिवसांत. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान ४८० ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं, पण एका बैठकीत जमत नाही. वरण-भात, पोहे, उकडलेला बटाटा, केळी, गूळ-पोळी असं दिवसभर विभागून खा. भाजी-डाळ थोडी कमी, भात जास्त. मोड आलेल्या उसळी, कोशिंबिरी, भाकरी या दोन दिवसांत बाजूला. नाहीतर बाविसाव्या किलोमीटरला शौचालय शोधावं लागेल.

काटा एक-दोन किलो वर गेला तर घाबरू नका. कर्बोदकं स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठतं.

शनिवारी, म्हणजे शर्यतीच्या आदल्या रात्री, लवकर आणि साधं जेवा. एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, फुकट मिळालेलं नवं एनर्जी जेल (धावताना खायचं गोड, घट्ट द्रव) मात्र बॅगेतच राहू द्या.